एका वाक्यातलं झाड

आपल्या बायकांना सांगता येत नाही, असं कोण म्हणेल? कुंद्याला दूध किती आटवायचं हे आपण फोनवरून, समोर कढई नसताना, ऐकणारीच्या डोळ्यांपुढे उभं करतो. मुलीला आलेलं स्थळ दोन मिनिटांत सांगतो आणि तेही बरोबर क्रमानं: शिक्षण, नोकरी, घरात माणसं किती, आजोळ कुठलं. ऐकणारीला पुन्हा काही विचारावं लागत नाही.

पण त्याच बाईला तिच्या स्वतःच्या कामाबद्दल विचारा. आमच्या मंडळातल्या एक काकू दशलक्षण पर्वात बस्तीच्या सभागृहात धान्याची रांगोळी घालतात. समवसरणाची. तीन कोट, बारा सभा, मधे गंधकुटी, सगळं तांदूळ, मूग आणि मसुरीत. सकाळी बसतात त्या दुपार कलली तरी उठत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे कौतुकानं विचारतात, "हे काय आहे? कसं केलंत?" काकू पदर सावरतात आणि म्हणतात, "काही नाही हो, असंच आपलं." पाहुणे मान हलवून पुढे जातात. सहा तासांचं काम दोन शब्दांत पुसलं जातं आणि पुसणारी तीच असते.

याला आपण नम्रता म्हणतो. थोडी असेलही. पण बराचसा भाग सवयीचा आहे. आपलं काम कुणी नीट ऐकून घेईल, असं गृहीत धरायची सवयच आपल्याला नसते.

गेल्या मार्गशीर्षात माझी भाची आठ दिवस आमच्याकडे बेळगावला येऊन राहिली. करण्याइतकंच सांगणं हेही काम आहे, हे मी त्या आठ दिवसांत जवळून पाहिलं. त्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण आता घरोघरी अशी एखादी मुलगी आहे. कुणी कपड्यांचं डिझाईन शिकते, कुणी इमारतींचं, कुणी फिल्मचं. आपण तिच्या फीची, होस्टेलची, कंदमुळं नसलेल्या जेवणाची चौकशी करतो. "तू नक्की काय करायलीयस?" हे मात्र विचारायचं राहून जातं.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. निपाणीला त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःची एक छोटी फिल्म करायची असते. पण करायला घेण्याआधी परीक्षकांसमोर उभं राहून ती मांडावी लागते. दहा मिनिटं मिळतात. सहा मिनिटं आपण बोलायचं, चार मिनिटं ते विचारणार. पाच जण बसलेले, त्यांतले दोन बाहेरून आलेले, रोज हेच काम करणारे. या मांडण्याला ती मुलं 'पिच' म्हणतात. आमच्या घरी हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "कुठलं? वानखेडेचं?"

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. पहिल्या फेरीत तिचा विषय परत आला होता. कागदावर शेरा एका ओळीचा: 'काय करायचे आहे ते स्पष्ट नाही.' पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. तीही गेली, तर स्वतःची फिल्म नाही. दुसऱ्या कुणाच्या फिल्मवर मदतनीस म्हणून वर्ष काढायचं. चार वर्षं डोळे फोडून काढलेली चित्रं, वडिलांनी दुकानाच्या जिवावर काढलेलं शिक्षणकर्ज आणि शेवटी हाती दुसऱ्याच्या नावाची फिल्म. घरी बोलणी सुरूच होती. एक आत्या म्हणाल्या होत्या, "शेवटी झाडंच काढायची होती, तर एवढं लांब कशाला पाठवलंत?" बहिणीनं मला फोन केला, "आक्का, थोडे दिवस तुझ्याकडे पाठवते. इथं तिला कुणी सुखानं विचार करू देणार नाही."

आणि विषय खरोखरच झाडाचा होता.

ते झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बहुतेक बस्त्यांत भिंतीवर तो फोटो असतो, काही ठिकाणी रंगवलेलं चित्र. फळांनी लगडलेलं झाड, बहुतेक ठिकाणी जांभळाचं, आणि त्याच्याभोवती सहा भुकेली माणसं. पहिला म्हणतो, झाड मुळासकटच उपटू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसऱ्याला मोठी फांदी पुरते, चौथ्याला डहाळी. पाचवा म्हणतो, फळंच तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचून खाऊ. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. सहा लेश्या, मनाचे सहा रंग. दहाव्या शतकातल्या आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या 'गोम्मटसार' ग्रंथाच्या जीवकांडात हा दृष्टांत आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवणारे चामुंडराय त्यांना गुरुस्थानी मानत. म्हणजे हजार वर्षं ही गोष्ट आपल्यात आहे. पाठशाळेत आपण ती पाठ केली, मुलांकडून करून घेतली.

लहानपणी सुटीत आली, की ही पोर माझ्याबरोबर बस्तीत यायची आणि त्या चित्रासमोर उभी राहायची. तिला तीच गोष्ट फिल्ममध्ये करायची होती. मला काय, आनंदच झाला. म्हटलं, "मग अडलंय कुठं? छान विषय आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "तुला छानच वाटणार. तुला गोष्ट आधीपासनं माहीत आहे."

आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. मार्गशीर्षात तर सहाला चूल शांत. त्यामुळे संध्याकाळ लांबलचक आणि मोकळी असते. पहिल्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि परीक्षकांपुढे बोलली होती तसं बोलायला लागली. जैन तत्त्वज्ञानात लेश्या ही संकल्पना. तिचे सहा प्रकार. द्रव्यलेश्या आणि भावलेश्या. प्रत्येक रंगाचा अर्थ. मग आजचा चंगळवाद. मग पर्यावरण. मग आपण यात "थोडंसं काहीतरी वेगळं करायचा प्रयत्न" कसा करणार आहोत. मी मान डोलावत होते. सहा मिनिटांची घंटा झाली, तेव्हा झाड अजून आलंच नव्हतं.

तिनंच ते मला दाखवून दिलं. "बघ, तू मान डोलावलीस. पण तुझ्या डोलावण्याचा उपयोग नाही गं मावशी."

खरंच होतं. माहीतगार माणूस हा सगळ्यात निरुपयोगी श्रोता. सांगणाऱ्यानं गाळलेलं तो स्वतःच्या मनानं भरून घेतो. मग आम्ही ठरवलं, की रोज एक नवा माणूस पकडायचा, ज्याला लेश्या हा शब्दसुद्धा माहीत नाही असा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सापडल्या. त्यांच्या घरात कन्नड, आमच्यात मराठी, आणि गेली पंचवीस वर्षं आम्ही दोन्हींची भेळ करून बोलतो. भाचीनं यावेळी तत्त्वज्ञान निम्मं केलं. काकूंनी हातातला सोलाणा बाजूला न ठेवता सगळं ऐकलं. सहा माणसांचं सांगून झालं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अय्यो, मग त्या झाडाचं काय झालं?"

भाची गप्प. ती माझ्याकडे बघायली, मी तिच्याकडे. एवढी वर्षं ते चित्र पाहतोय, पण चित्रात पुढचं काही नाहीच. सहाही जण कायमचे आपापल्या जागी उभे, कुऱ्हाड उगारलेली ती उगारलेलीच. झाडाला काय वाटतं, हे कुणी विचारलेलं नाही.

रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी मला म्हणाली, "मावशी, लहानपणी मी त्या चित्रातल्या माणसांकडे बघतच नव्हते. मी झाडाकडे बघत होते. मला वाटायचं, याला सगळं ऐकू जात असणार." आणि जरा थांबून, "मी फिल्म झाडाची करायचीय. माणसांची नाही."

तिला काय करायचंय हे तिला माहीत होतं. फक्त ते सहा लेश्यांच्या खाली दडलेलं होतं. काकूंच्या एका प्रश्नानं ते वर आलं. समजावून सांगणं ही कामाच्या शेवटी करायची सजावट नाही, हे मी तिथं शिकले. सांगता सांगताच काम सापडतं. सांगायला बसेपर्यंत आपल्याकडे नुसती ओढ असते.

तिसऱ्या दिवशी आमचे हे श्रोता झाले. आयुष्य एका बँकेत कर्जविभागात गेलेलं. त्यांनी झाडाचं ऐकलं, 'बरं' म्हणाले आणि पेन काढलं. "किती मिनिटांची?"

"तीन, काका."

"चित्रं किती लागतील?"

तिनं समजावलं. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींपुरतं धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. डोळ्याला ते चालतं.

"तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद. गुणिले 12. 2160 चित्रं. वेळ किती?"

"चौदा आठवडे. रविवार सोडून."

"84 दिवस. रोज पंचवीस-सव्वीस चित्रं. रंग, आवाज वेगळा. जमेल?"

जमणार नव्हतं. तिचा चेहरा उतरला. हे म्हणाले, "रडायचं काम नाही. तीस वर्षं मी एकच गोष्ट पाहिली. कर्ज मागायला आलेला माणूस आपली गरज सांगत बसतो. बँकेला ऐकायचं असतं, फेडणार कसं. तुझे परीक्षकही तेच ऐकायला बसलेत. विषय चांगला आहे हे त्यांना दिसेल की. ही मुलगी तो तडीला नेईल का, हे त्यांना तुझ्याकडनं कळायला पाहिजे."

मग दोघांनी मिळून छाटणी केली. फिल्म दोन मिनिटांची. 1440 चित्रं, दिवसाला साधारण सतरा. झाडाचा बुंधा एकदाच काढायचा, हलतील ती फक्त पानं, फळं आणि सावल्या. ज्या प्रसंगात कुणीच हलत नाही, तिथं एक चित्र दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं. तेवढी मोकळीक आजारपणाला आणि वीज जाण्याला. हे सगळं तिनं एका पानाच्या तक्त्यावर उतरवलं. मला वाटलं होतं, कलेच्या कामात हिशेब आला की कला कोमेजते. इथं उलट झालं. माणसांची तोंडं दाखवायला चित्रं परवडेनात, म्हणून तिनं ठरवलं, की माणसं दिसायचीच नाहीत. झाडाला जशी वरून दिसतील तशा त्यांच्या सावल्या फक्त. फिल्म तिथं एकदम तिची झाली.

चौथ्या दिवशी तिनं मला फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालचा, एवढं आपल्याला माहीत असतं. त्याआधीचं माहीत नसतं. 1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. जवळचे पैसे संपत आलेले आणि 'मी हलती चित्रं करणार' म्हटल्यावर विश्वास ठेवणारे थोडे. फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराची ती फिल्म, 'अंकुराची वाढ'. दाणा फुटतो, कोंब वर येतो, बघता बघता त्याचं झाडोरं होतं. ती पाहिल्यावर पैसे देणारे पुढे आले.

मी हे ऐकून कितीतरी वेळ हातातलं काम विसरले. फाळक्यांनी भाषण केलं असतं, तर लोक म्हणाले असते, बघू. त्यांनी एक दाणा उगवून दाखवला. मोठ्या कामाचा छोटासा पण पुरा झालेला तुकडा. आणि या गोष्टीत एक बाईही आहे. सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने काढून दिले, फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या, वर चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक पाहिला. नवऱ्याला काय करायचंय हे ज्यांना सगळ्यात आधी पटलं, त्या सरस्वतीबाई. त्यांना कुणी विचारलं असतं तर 'काही नाही, असंच आपलं' म्हणाल्या असत्या का, कोण जाणे.

भाचीनं फाळक्यांचा धडा लगेच घेतला. उरलेल्या दिवसांत तिनं फक्त दहा सेकंद करायचे ठरवले. एक जांभूळ देठापासून सुटतं, पडतं, मातीत टेकतं आणि झाडाची सगळी पानं क्षणभर थांबतात. 120 चित्रं. जेवणाच्या टेबलावर कागद, काचेखाली दिवा, मधे माझ्या चहाच्या कपाला बंदी.

बोलण्याचा सराव चालूच होता. आम्ही तिचं बोलणं लिहून काढलं आणि मी लाल पेन्सिल घेऊन बसले. बी.ए.ला मराठी घेतलेलं कधीतरी उपयोगी पडायचंच होतं. 'थोडंसं', 'प्रयत्न केलाय', 'अजून नीट नाहीय पण', 'तुम्हाला कदाचित आवडणार नाही': असे चौदा शब्दप्रयोग सापडले, सगळे आपल्याच घरातले. आईचे, मावशीचे, आजीचे. ते काढले तर बोलणं उद्धट होईल, अशी तिला भीती होती. तसं झालं नाही. 'मी दोन मिनिटांची फिल्म करणार आहे' या वाक्यात उद्धट काय आहे? त्यात नुसती माहिती आहे.

एका ठिकाणी मात्र आमचं दोघींचं जुंपलं. तिनं बोलण्यातून 'लेश्या' शब्द काढून टाकला. मी स्वाध्यायाला बसणारी बाई. म्हटलं, "हजार वर्षांची गोष्ट घेतेस आणि तिचं नावच घेत नाहीस? मग आपलं काय राहिलं त्यात?" ती शांतपणे म्हणाली, "रंग राहिले की मावशी. सहा सावल्या आहेत, सहाही वेगळ्या रंगाच्या. काळी, निळी, पारव्याच्या रंगाची, पिवळी, कमळाच्या रंगाची आणि शेवटची पांढरी. ज्याला माहीत आहे त्याला दिसेल. ज्याला माहीत नाही, त्याला गोष्ट कळेल. विचारलं तर मी सगळं सांगणारच आहे."

पांढरी सावली! त्या रात्री मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. आपल्या पुराणांत समवसरणाचं वर्णन येतं. तीर्थंकरांची दिव्यध्वनी एकच, पण देव, माणसं, पशुपक्षी, ज्याला त्याला ती आपापल्या भाषेत कळते. आणि आपल्या परंपरेत असंही सांगतात, की महावीरांना केवलज्ञान झालं, तरी सहासष्ट दिवस दिव्यध्वनी खिरली नाही, कारण ती झेलणारा गणधर नव्हता. इंद्रभूती गौतम आले, तेव्हा राजगृहाच्या विपुलाचलावर वाणी प्रकट झाली. वीरशासन जयंतीला आपण हे दरवर्षी ऐकतो. मी ते नेहमी गौतमांच्या थोरवीचं म्हणून ऐकलं होतं. यावेळी दुसरी बाजू दिसली: भगवंतांची वाणीसुद्धा ऐकणाऱ्यासाठी थांबली. मग आपलं बोलणं समोरच्याच्या भाषेत आपण नको का न्यायला? आपली वाणी काही आपोआप सगळ्यांना कळणारी नाही. तेवढी मेहनत आपल्याला करावी लागणार.

मी लेश्येचा हट्ट सोडला, पण एक गोष्ट तिच्याकडून मान्य करून घेतली. सहाव्या माणसाला तिनं पहिल्या आराखड्यात अगदी साधू करून टाकलं होतं. भोवती प्रकाश, हात जोडलेले. मी म्हटलं, "तोही भुकेलाच आहे बाई. बाकीच्यांइतकाच. तो खाणार आहे. उपाशी राहून चांगला असता, तर गोष्टच झाली नसती." तिनं प्रकाश पुसला. आता सहावी सावली वाकते, जांभूळ उचलते, फुंकून माती झटकते आणि खाते.

सातव्या दिवशी एक वाक्य तयार झालं. त्यांच्याकडे पद्धत आहे, की सगळ्यात आधी फिल्म एका वाक्यात सांगायची. तिची पहिल्या दिवसाची वाक्यं दोन पानांवर होती. शेवटी राहिलं ते असं: 'सहा भुकेली माणसं एका जांभळीखाली येतात, काय तोडायचं यावर बोलत बसतात, आणि झाड ते सगळं ऐकत असतं.' मी ते दुधवाल्याला ऐकवलं. तो कॅन खाली ठेवून म्हणाला, "फुडं?"

पुढं काय, असं समोरच्यानं विचारलं की झालं. एका वाक्याचं काम तेवढंच.

कठीण प्रश्नांची यादीही आम्ही केली. अ‍ॅनिमेशनच का? कारण झाडाला अभिनय करायला सांगता येत नाही. तूच का? कारण मी चौथ्या वर्षापासून हे झाड बघतेय. सगळ्यात अवघड, जो विचारला जाणारच होता: ही धर्माची फिल्म आहे का? यावर तिनं दोन दिवस घालवले. उत्तर ठरलं, "गोष्ट माझ्या घरच्या देवळातली आहे. प्रश्न सगळ्यांचा आहे: भूक भागवायला किती तोडावं लागतं?" लपवणं नाही, आणि मिरवणंही नाही.

फेरीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. धर्माचा प्रश्न आलाच नव्हता! दहा सेकंदांचं जांभूळ दाखवल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही म्हणे. तक्ता पाहून एकानं विचारलं, हे वेळापत्रक कुणी करून दिलं? ती म्हणाली, "बँकेतल्या काकांनी." मग बाहेरून आलेल्या बाईंनी यादीत नसलेला प्रश्न विचारला, "या सहांतली तू कोणती?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, मला सहावी व्हायला आवडेल. पण मी बहुतेक तिसरी आहे. कधी कधी दुसरी."

विषय मंजूर झाला. अटींसह. दर पंधरा दिवसांनी काम दाखवायचं आणि फिल्म दोन मिनिटांच्या वर एक सेकंद न्यायची नाही. आता ती रोज सतरा चित्रं काढते. कधी बारा होतात, कधी वीस. भावोजींना अजूनही अ‍ॅनिमेशन म्हणजे काय ते नीट उमगलेलं नाही, पण दुकान बंद करताना रोज फोन करून विचारतात, "आज किती झाली?" बहीण सांगत होती, आत्यांनी पुन्हा झाडांचा विषय काढला, तेव्हा त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या ते एक वाक्य म्हणून दाखवलं. आत्यांनी पुढचं विचारलं की नाही, ते मात्र कळलं नाही.

ती परत गेल्यावर लाल पेन्सिल मी टेबलावरच ठेवली आहे, कारण आमच्या मंडळाला तिची गरज पडली. बस्तीच्या सभागृहात आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी वाचनालय चालवावं, असं दोन वर्षं आमच्या मनात आहे. ट्रस्टींकडे अर्ज दोनदा गेला होता. 'सोयीचे झाल्यास विचार व्हावा ही नम्र विनंती', असा. तो अर्थातच सोयीचा झाला नाही. यावेळी आम्ही पाच जणी बसलो आणि अर्ज पुन्हा लिहिला. कुठली दुपार, किती वाजता, किल्ली कुणाकडे, पुस्तकं किती जमली आहेत, विजेचं बिल कोण देणार. एका पानात. धान्याची रांगोळी घालणाऱ्या काकू म्हणाल्या, अर्ज मी वाचून दाखवते. घरी नातवासमोर त्या चार वेळा वाचून आल्या होत्या.

बैठक पुढच्या रविवारी आहे. जमलेली पुस्तकं दोनशे चाळीस झाली आहेत. त्यांतली चाळीस आम्ही टोपलीत घालून बरोबर नेणार आहोत, ट्रस्टींच्या टेबलावर ठेवायला.